वाट पाहण्याचा खर्च

‘उमेदवार’ म्हटले की आज निवडणुकीला उभा राहिलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. एकोणिसाव्या शतकातल्या धारवाडच्या कचेरीत हा शब्द दुसऱ्याच माणसाचा होता. ‘उमेद’ म्हणजे आशा. नोकरीची आशा धरून राहिलेला तो उमेदवार. मुंबई इलाख्यातल्या कचेऱ्यांत असे तरुण वर्षानुवर्षे बसत. जमाखर्चाचे कागद उतरून काढायचे, अक्षराला वळण लावून घ्यायचे, वरिष्ठ कारकुनाच्या हाताखाली पडेल ते काम करायचे आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहायची. पगार नाही, किंवा असला तर नावापुरता. जागा मिळाली की त्या दिवशी सरकारी दप्तरात नाव लागे, आणि इतिहासालाही हा माणूस त्या दिवसापासूनच दिसू लागतो. त्याआधीच्या वर्षांत तो कुठे झोपत होता, दोन वेळा काय खात होता, त्याच्या धोतरजोडीचे पैसे कोण देत होते, हे दप्तर सांगत नाही. या लेखाचा विषय ती न लिहिलेली वर्षे आहेत. हुबळी-धारवाडच्या दोनशे वर्षांकडे पाहून माझे म्हणणे असे आहे की नोकरी शोधणे हे इथे कधीच एकट्या माणसाचे काम नव्हते. ते सबंध घराचे काम होते. घरात चालणाऱ्या लहानसहान उद्योगांनी, त्यातही बायकांच्या हातांनी, वाट पाहण्याचा खर्च उचलला. म्हणून घरातल्या उद्योगांपासून तोडून लिहिलेला नोकरीचा इतिहास अर्धाच राहतो.

ही जोडगावे या प्रश्नासाठी मुद्दाम निवडावीत अशीच आहेत. दोघांमध्ये अंतर जेमतेम वीस किलोमीटर, पण पोटापाण्याच्या वाटा निराळ्या. १८१८ मध्ये पेशवाई संपली, हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला आणि धारवाड जिल्ह्याचे ठाणे झाले. कलेक्टर, न्यायालय, शाळा, शिक्षक घडवणारे ट्रेनिंग कॉलेज हे सारे तिथे आले. हुबळी मात्र जुनी बाजारपेठ. १६७३ मध्ये मराठ्यांच्या फौजेने ती लुटली तेव्हा इंग्रजांच्या वखारीचेही नुकसान झाले होते. इतके तिचे नाव व्यापारात आधीपासून होते. १९०१ च्या जनगणनेत हुबळीची वस्ती ६०,२१४ आणि धारवाडची ३१,२७९ भरली. म्हणजे एक गाव लेखणीचे आणि दुसरे, त्याच्या दुपटीचे, कापूस-मागाचे. १९६२ मध्ये दोघांची मिळून एक महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये हुबळीचे अधिकृत नाव हुब्बळ्ळी झाले, पण ही विभागणी आजही पुरती पुसलेली नाही. १९५६ पर्यंत ही दोन्ही गावे मुंबईच्या कारभाराखाली होती. म्हणून इथल्या कानडी बोलण्यात कचेरी, गिरणी, चाळ, खानावळी, मुलकी परीक्षा हे शब्द आजही आपल्या ओळखीचे वाटतात. त्यांतले बहुतेक शब्द रोजगाराशी किंवा जेवणाशी निगडित आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

धारवाडपासून सुरुवात करू. कंपनी सरकारच्या पहिल्या काही दशकांत इथल्या कचेरीच्या कागदांत मराठीचे आणि मोडीचे प्राबल्य होते. शाळांतही मराठीच पुढे होती. कानडी घरातल्या मुलाला कारकुनी हवी असेल तर आधी परकी भाषा आणि परकी लिपी शिकावी लागे. शतकाच्या मध्यानंतर हे पालटू लागले. डेप्युटी चन्नबसप्पा (१८३४–१८८१) यांच्यासारख्या शिक्षणाधिकाऱ्यांनी कानडी शाळांचा आग्रह धरला, कानडी शिक्षक तयार केले, आणि १८९० मध्ये धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ उभा राहिला तोवर पारडे बरेच फिरले होते. भाषेच्या अंगाने हा इतिहास अनेकांनी लिहिला आहे आणि तो बदल न्यायाचाच होता. घराच्या अंगाने पाहिले तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नोकरीची भाषा बदलली की घराने केलेली गुंतवणूक बुडते आणि नवी करावी लागते. आजोबांची मोडी नातवाच्या उपयोगी पडत नाही. त्याला कानडीतली मुलकी परीक्षा द्यावी लागते, आणि त्याच्या पुढच्या पिढीला मुंबई विद्यापीठाची इंग्रजी मॅट्रिक. प्रत्येक पायरीला शिकण्याची वर्षे वाढली, म्हणजे न कमावण्याची वर्षे वाढली. सरकारने शाळा दिली, परीक्षा दिली, फार तर चारदोघांना शिष्यवृत्ती दिली. उरलेल्या वर्षांचा शिधा घराने दिला.

हा शिधा कसा दिला जाई? खेड्यातून शिकायला आलेल्या गरीब मुलासाठी वार लावून जेवणे ही रीत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे सात वार सात घरांत वाटलेले असत. पुण्याप्रमाणेच धारवाडातही असे विद्यार्थी होते. या रीतीकडे आपण यजमानाचे दानधर्म म्हणून पाहतो, पण त्या ताटामागचे दळण, चुलीचे सरपण, विहिरीचे पाणी आणि उष्टी-खरकटी ही यजमानाची नव्हती. ती घरातल्या बायकांची होती. शिवाय वार मिळणे जातीवर ठरे. ज्याच्या जातीची सात घरे गावात सुस्थितीत नव्हती, त्याला हा दरवाजा बंद होता. ज्याला थोडेफार पैसे देता येत, त्याच्यासाठी खानावळ. खानावळ म्हणजे पुष्कळदा घरच. पुढच्या सोप्यात पाने मांडायची, मागे चूल. जोंधळ्याची भाकरी, आमटी, एखादी पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, महिन्याचा हिशेब वहीत. विधवेला किंवा थकलेल्या मास्तराच्या बायकोला घराबाहेर न पडता चालवता येईल असा हा मोजक्या धंद्यांपैकी एक होता. धारवाडला आज आपण विद्येचे माहेरघर म्हणतो. ते खरेच आहे, पण माहेर म्हटले की जेवू घालणारी कुणीतरी असतेच. शाळा-कॉलेजांच्या इमारतींना देणगीदारांच्या नावाच्या पाट्या आहेत. ज्या चुलींवर त्यांचे विद्यार्थी पोसले गेले, त्या चुलींची नोंद कुठल्या पाटीवर नाही.

शिकूनसवरूनही वाट किती लांब असू शकते, हे पाहायला धारवाडच्याच एका मोठ्या माणसाचे चरित्र पुरेसे आहे. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचा जन्म १८९६ मध्ये धारवाडात, घरची भाषा मराठी. वडील ते बारा वर्षांचे असताना गेले. काकांच्या आधाराने ते मॅट्रिक झाले, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९१८ मध्ये बी.ए. झाले आणि गावच्या व्हिक्टोरिया हायस्कुलात शिक्षक म्हणून लागले. १९३२ मध्ये ‘नरबलि’ या कवितेपायी तुरुंगवास घडला आणि नोकरी गेली. १९३५ मध्ये त्यांनी एम.ए. केले, तरी १९४४ मध्ये सोलापूरच्या डी.ए.व्ही. कॉलेजात स्थान मिळेपर्यंत स्थिर म्हणावी अशी नोकरी त्यांना लाभली नाही. पुढे ज्ञानपीठ मिळवणाऱ्या कवीला वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षापर्यंत पोटाची निश्चिती नव्हती. त्यांची प्रतिभा असामान्य होती, पण त्यांची ही ओढाताण मात्र गावातल्या असंख्य पदवीधरांची होती. अशी दहा-बारा वर्षे एखादा माणूस निभावून नेतो असे आपण सहज म्हणतो. खरे तर ती निभावून नेणारे घर असते. उत्पन्न थांबले म्हणून स्वयंपाकघर थांबत नाही. काका, भाऊ, पत्नी, शेजारी यांच्या कष्टाने आणि काटकसरीने तो काळ सरतो, आणि मग नेमणुकीच्या तारखेपासून चरित्राचा पुढचा अध्याय सुरू होतो.

हुबळीची गोष्ट उलट्या टोकापासून सुरू होते. तिथे बऱ्याच जणांना नोकरी शोधावीच लागत नव्हती, कारण काम घरातच होते. विणकराच्या घरात माग, आणि मागाभोवती सारे कुटुंब. बायका-मुले कांड्या भरत, ताणा लावत, पुरुष विणत. मराठी बोलणाऱ्या नामदेव शिंपी आणि भावसार क्षत्रिय समाजांचीही इथे वस्ती आहे. एकांचा पिढीजात धंदा शिवणाचा, दुसऱ्यांचा रंगाईचा. अशा घरात मुलगा आठ-दहा वर्षांचा झाला की हाताखाली येई, आणि शिकता शिकताच कमावू लागे. शिक्षण, उमेदवारी आणि नेमणूक या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली होत. या व्यवस्थेला रम्य समजायचे कारण नाही. त्यात जातीची कुंपणे होती, सावकाराचे कर्ज होते, दुष्काळात कापडाला गिऱ्हाईक नसे. पण वाट पाहण्याचा खर्च हा प्रश्न तिथे या रूपात नव्हता. तो निर्माण झाला सुतापासून. खेडोपाडी घरोघर बायका सूत कातत, त्यावर चार पैसे मिळवत. विलायती सूत आले, मग देशी गिरण्यांचे आले, आणि चरख्याची कमाई आटली. १८८० नंतरच्या दशकात हुबळीतच सदर्न मराठा कंपनीची सूतगिरणी उभी राहिली, आणि १८८५ मध्ये सदर्न मराठा रेल्वेचा कारखाना. घरातले काम कमी झाले, घराबाहेर काम निर्माण झाले, आणि दोघांच्या मधली जागा ओलांडण्यासाठी माणसाला पहिल्यांदा ‘नोकरी बघणे’ भाग पडले.

इथे पहिला आक्षेप सरळ पुढे येतो. नोकऱ्या घराने निर्माण केल्या नाहीत. त्या कापसाने, रेल्वेने आणि भांडवलाने केल्या. हुबळी वाढली ती गदगकडे, हरिहरकडे आणि लोंढ्यावरून मार्मागोव्याकडे रूळ गेले म्हणून. मग घराचे कौतुक कशाला? आक्षेपातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. जागा किती निघणार हे चुलीपाशी ठरत नव्हते, लंडनच्या कंपनीत आणि मुंबईच्या कापूसबाजारात ठरत होते. पण निघालेल्या जागेपर्यंत कोण पोचणार आणि तोवर कोण टिकणार, हे घराच्या बळावर ठरत होते. गिरणीत भरती मुकादमाच्या हातून होई. १९३१ च्या शाही मजूर आयोगाच्या अहवालाने देशभरच्या गिरण्यांतल्या या मधल्या माणसांची सत्ता आणि कामासाठी त्यांना द्यावी लागणारी लाच स्पष्ट नोंदवली आहे. ही रक्कम, बदलीवर काम मिळेल त्या दिवसाची वाट पाहत काढलेले दिवस, आणि गावाकडून आलेल्या भाच्या-पुतण्याला काम लागेपर्यंत खोलीत दिलेली पथारी हा सारा खर्च कुठल्या कंपनीच्या ताळेबंदात नव्हता. हुबळीतल्या गिरणी चाळीचे नाव अजून टिकून आहे. चाळ हे राहण्याचे ठिकाण तर असतेच, पण गावच्या माणसाने गावच्या माणसाला कामाला चिकटवण्याचे ते बिनपाटीचे कार्यालयही असते, आणि त्या कार्यालयाचा खर्च चाळीतल्या बायका भाकऱ्या थापून भागवत असतात.

घर नसले की काय होते, याचाही पुरावा याच शहरात आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्या भटक्या समाजांवर जन्माने गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला, त्यांना डांबण्यासाठी मुंबई इलाख्यात ज्या वसाहती उभारल्या त्यांतली एक हुबळीत होती. ‘सेटलमेंट’ हे तिथल्या वस्तीचे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. तिथल्या माणसांना गिरणीत आणि रेल्वेच्या कामावर लावले जाई. म्हणजे त्यांना नोकरी शोधण्याचा त्रासच नव्हता, असे कुणी म्हणेल. पण शोधण्याचा त्रास नसणे म्हणजे नाकारण्याचा हक्क नसणे. ज्याच्यामागे चार महिने खाऊ घालणारे घर आहे, तो मिळालेले पहिले काम सोडून दुसरे बघू शकतो. ज्याच्यामागे ते नाही, त्याला पुढ्यात येईल ते करावे लागते. धारवाडच्या कचेरीत वर्षानुवर्षे बिनपगारी बसलेला ब्राह्मण उमेदवार आणि हजेरी देऊन कामाला जाणारा सेटलमेंटमधला मजूर यांच्यातला फरक हुशारीचा नव्हता. एकाच्या घराला थांबता येत होते. दुसऱ्याच्या घरावर सरकारचेच कुलूप होते. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण वाट पाहण्याची ऐपत अशी कायदा मोडीत काढून लगेच येत नाही; ती पिढ्यांनी साठते.

रोजगाराचे केंद्र हलले की घरांवर काय परिणाम होतो, हे धारवाडच्या एका इमारतीवरून समजते. सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य कार्यालय धारवाडात होते. १९०८ मध्ये ही कंपनी मद्रास रेल्वेशी जोडली गेली, कारभार मद्रासला गेला आणि कारकुनांचे एक मोठे ठिकाण गावातून उठले. १९१७ मध्ये कर्नाटक कॉलेज स्थापन झाले आणि रेल्वेची ती देखणी वास्तू पुढे त्याच कॉलेजची झाली. जिथे पगार वाटले जात होते तिथे पदव्यांची तयारी होऊ लागली. या बदलाने गावातल्या घरांना एक फार मोठी सोय झाली. तोवर पदवी घ्यायची तर पुणे किंवा मुंबई गाठावी लागे, जसे बेंद्र्यांना जावे लागले. आता मुलगा, आणि हळूहळू मुलगीही, घरी जेवून कॉलेजला जाऊ शकत होती. शिक्षणाचा खर्च फीपेक्षा जेवणा-राहण्याचा अधिक असतो, हे ज्याने मुले शिकवली त्याला सांगावे लागत नाही. १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठ झाले आणि पुढच्याच वर्षी ते धारवाडला आले, १९४७ मध्ये हुबळीत अभियांत्रिकी कॉलेज निघाले होते, १९५७ मध्ये वैद्यकीय. शिकवण्याच्या नोकऱ्याही त्यातून आल्या. मराठी कथेला वेगळे वळण देणारे जी. ए. कुलकर्णी धारवाडातच सुमारे तीन दशके इंग्रजी शिकवत होते. पण दर वर्षी बाहेर पडणारे पदवीधर गावात निघणाऱ्या जागांपेक्षा कितीतरी अधिक होते. १९५६ मध्ये राज्यरचना झाली, मुंबईकडे पाहणारी नजर बंगळुरूकडे वळवावी लागली, आणि आधीच्या पिढीने मुंबई-पुण्यात जोडलेली ओळख, चाळीतली खोली, मामाचे बिऱ्हाड हे सारे नव्याने जोडणे आले. १९४५ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी सुरू झालेली सेवायोजन कार्यालये पुढे सर्वांना खुली झाली, १९५९ मध्ये रिकाम्या जागा कळवण्याचा कायदाही झाला. नाव नोंदवून पत्राची वाट पाहणे एवढे त्यातून सोपे झाले. वाट मात्र तेवढीच लांब राहिली.

या मधल्या काळात घर कशावर चालले, त्याचे उत्तर सुई आणि सूत यांत सापडते. धारवाडची कसूती पाहा. कापडावर आधी काही न रेखता, केवळ धागे मोजून घातलेले हे भरतकाम. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे त्याचे चार टाके. गोपूर, तुळशीवृंदावन, पालखी, हत्ती या आकृत्या इलकल साडीच्या पदरावर किंवा काळ्या चंद्रकळेवर उठायच्या. मुळात हे लेकीच्या लग्नासाठी घरी केलेले काम, विकायचे नव्हे. विसाव्या शतकात ते नगावर मजुरी देणारे काम झाले. दुपारची भांडी आवरली की उजेड असेतो टाके घालायचे, आणि पूर्ण झालेला पदर पोचवून पैसे घ्यायचे. खादीची कथा याहून मोठी आहे. धारवाड तालुक्यातले गरग हे झेंड्याच्या खादीसाठी प्रसिद्ध आहे. १९५७ मध्ये स्थापन झालेला कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ हुबळीच्या बेंगेरीत राष्ट्रध्वज तयार करतो, आणि मानक संस्थेचे प्रमाणपत्र मिळवून खादीचा ध्वज पुरवणारा म्हणून तो देशभर ओळखला जातो. कातणे, विणणे, तीन रंग देणे, चक्र दोन्ही बाजूंनी नेमके एकमेकांवर येईल असे छापणे, मापात कापणे, शिवणे. सहा इंच बाय चार इंचांपासून एकवीस फूट बाय चौदा फुटांपर्यंत नऊ आकार, आणि प्रत्येकाला सुतापासून शिवणीपर्यंत कसोट्या. हे काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. शतकापूर्वी गिरणीने ज्या चरख्याची कमाई हिरावली, तो या मार्गाने गावात परतला. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलून यंत्रावरच्या आणि पॉलिएस्टरच्या झेंड्यांना परवानगी मिळाली तेव्हा बेंगेरीहून निषेधाचा आवाज उठला. तो खादीच्या तत्त्वासाठी होताच, पण त्यामागे शेकडो घरांच्या महिन्याच्या बेरजेचीही धास्ती होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. घरातल्या बायकांच्या कष्टांना असे इतिहासाचे मोठेपण दिले की त्यांची पिळवणूक गोड होऊन बसते, असे म्हणता येईल. मुलगा परीक्षा देत राहिला आणि बहीण कसूती घालत राहिली, यात बहिणीला विचारले कुणी? नोकरी लागल्यावर त्या घराची परतफेड झाली, पण ती सुनेच्या संसारात. कष्ट काढणारी बहीण तोवर सासरी गेलेली असे. हा आक्षेप खरा आहे, आणि माझा युक्तिवाद त्याच्या विरुद्ध जात नाही, त्याच्याच पायावर उभा आहे. जे मोजले जात नाही तेच फुकट घेता येते. जनगणनेने पिढ्यान्‌पिढ्या घरकाम करणाऱ्या स्त्रीला काम न करणाऱ्यांच्या रकान्यात टाकले. २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर पाहणीत घरातले बिनमोबदला काम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे निघाला, असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. पाच तास आणि दीड तास. हा आकडा साऱ्या देशाचा आहे, पण त्याचा उलगडा एका खानावळीच्या वहीत किंवा एका कसूतीच्या पदरात होतो. मी या कष्टांना त्याग म्हणत नाही, कारण त्याग म्हटले की हिशेब मिटतो. त्यांना गुंतवणूक म्हणतो, कारण गुंतवणूक म्हटले की कुणी घातली आणि फळ कुणाच्या पदरात पडले, हा प्रश्न विचारता येतो.

तिसरा आक्षेप असा की हे सारे जुने झाले. आता खुली परीक्षा आहे, गुणवत्तेवर निवड होते, घर कसे का असेना. परीक्षेने वशिल्याला मोठा तडाखा दिला, शिकलेल्या दलित आणि मागास घरांना पहिल्यांदा कचेरीचे दार उघडले, हे निर्विवाद. पण परीक्षेने वाट पाहण्याचा खर्च कमी केला का? धारवाडच्या सप्तापूर भागात आज स्पर्धा परीक्षांचे वर्ग आणि अभ्यासिका दाटीने उभ्या आहेत. उत्तर कर्नाटकातल्या खेड्यांतून मुले-मुली येतात आणि भाड्याच्या खोल्यांत राहून वर्षानुवर्षे तयारी करतात. जाहिरात निघत नाही, निघाली तर परीक्षा लांबते, निकाल अडकतो, वयाची मर्यादा जवळ येते. कचेरीच्या ओसरीतला उमेदवार अभ्यासिकेच्या खुर्चीवर येऊन बसला, एवढाच फरक. गावाकडे आई-बाप शेतावर राबतात, दागिना गहाण पडतो, बचतगटातून कर्ज निघते. आणि इकडे शहरात त्यांना जेवू घालणारी घरे आहेतच. हुबळी-धारवाडात ठिकठिकाणी बायका जोंधळ्याच्या कडक भाकऱ्या थापून विकतात. महिनाभर टिकणारी ती भाकरी, सोबत शेंगदाण्याची नाहीतर गुरेळ्याची चटणी, हे खोलीवर राहणाऱ्याचे भरवशाचे जेवण आहे. ज्याच्या घरातून पाच वर्षे पैसे येऊ शकतात आणि ज्याच्या घरातून एकच वर्ष येऊ शकतात, ते दोघे एकाच प्रश्नपत्रिकेपुढे बसतात. प्रश्नपत्रिका सारखी असते, पण तिच्यापुढे बसण्याच्या संधी सारख्या नसतात.

म्हणूनच २०२३ हे वर्ष मला या इतिहासात महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी कर्नाटक सरकारने दोन योजना सुरू केल्या. ऑगस्टमध्ये आलेल्या ‘गृहलक्ष्मी’तून कुटुंबप्रमुख स्त्रीला दरमहा दोन हजार रुपये, आणि डिसेंबरमध्ये नोंदणी सुरू झालेल्या ‘युवानिधी’तून नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या बेकार पदवीधराला तीन हजार व पदविकाधारकाला दीड हजार रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षे. या योजनांवर तिजोरीच्या बाजूने आणि राजकारणाच्या बाजूने भरपूर वाद झाला, आणि तो व्हावाही. पण एकीला निवडणुकीतली खैरात आणि दुसरीला बेकारभत्ता म्हणून वेगवेगळे पाहिले की त्यांचे नाते सुटते. एक रक्कम घर चालवणारीला आहे, दुसरी वाट पाहणाऱ्याला. आणि दोनशे वर्षे ही दोन माणसे एकाच चुलीवर जेवत आली आहेत. दोन वर्षांची मुदत तर फारच बोलकी आहे. एवढ्यात नोकरी लागावी अशी सरकारची अपेक्षा. बेंद्र्यांना बारा वर्षे लागली होती, आणि सप्तापूरच्या खोल्यांत दोन वर्षे म्हणजे पुष्कळांच्या तयारीची सुरुवात असते. तिसऱ्या वर्षापासूनचा खर्च पुन्हा घराकडेच येतो.

इतिहासकाराचे काम खैरात की हक्क हे ठरवण्याचे नाही, पण हा खर्च होता आणि तो अमुक हातांनी उचलला हे लिहून ठेवण्याचे निश्चित आहे. त्यासाठी साधने हवीत आणि ती वेगाने नाहीशी होत आहेत. रेल्वेची दप्तरे जपली गेली. २००३ पासून दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालयच हुबळीत असल्यामुळे पुढचीही जपली जातील. कचेरीचे कागद अभिलेखागारात आहेत, विद्यापीठाकडे पदवीधरांच्या याद्या आहेत. खानावळीच्या वह्या, कसूतीच्या मजुरीचे हिशेब, सूत तोलून घेतल्याच्या चिठ्ठ्या, बचतगटांची पासबुके मात्र घर रंगवताना रद्दीत जातात. याच जोडगावांतल्या महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना एक साधे काम लावावे: आपल्या घरातल्या पहिल्या नोकरदाराची नेमणूक कोणत्या साली झाली ते शोधा, आणि मग त्याआधीची पाच वर्षे घर कुणाच्या कमाईवर चालले ते विचारून लिहा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कपाटातल्या कागदावर मिळेल. दुसऱ्याचे उत्तर देऊ शकणाऱ्या बायका अजून आहेत. त्यांचे वय आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहे, तेव्हा हे काम याच वर्षी व्हायला हवे.